पऱ्हाटीच्या कोळशात मुरलेला विळा
कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या जळल्याचा वास आला की मला तो विळा आठवतो. ज्वारी कापताना त्याची धार सारखी मुडपायची आणि भाऊ सगळ्या मजुरांसमोर म्हणाला, "बाईना हातमा धार टिकत नही." लोखंडच मऊ होतं, मी पेटले. आयटीआयला शिकले होते तेच केलं. मडक्यात पऱ्हाटीचा कोळसा अन् केळीची राख भरली, त्यात विळा पुरला, तोंड मातीनं लिंपलं, दिवसभर भट्टीवर भाता ओढला आणि लोणचं मुरतं तसा कोळसा लोखंडात मुरू दिला. लालभडक विळा पाण्यात बुडवला तेव्हा अंगणभर चर्र झालं. भावानं त्यावर कानस घासून पाहिली. ती नुसती घसरली, विळ्यावर ओरखडाही उठला नाही. परवा तोच विळा मागायला आला. म्हटलं, "नको भाऊ, माणूसना हातमा धार टिकत नही."