परगावी नावाचा पुठ्ठा

साक्रीच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागली होती. माय पिशवीत कळण्याच्या भाकरी कोंबत होती आणि आबांनी माझ्या हातात एक फाइल ठेवली. फाइल म्हणजे काय, तर त्यांनीच शिवलेलं निळ्या रेक्झिनचं कव्हर, आत दोन लोखंडी कड्या आणि कोऱ्या पानांचा गठ्ठा. मी जळगावला फिजिओथेरपी शिकायला निघाले होते. मैत्रिणींना बापाने नवे मोबाईल घेऊन दिले आणि मला हे! मी तोंड वाकडं केलं. आबा म्हणाले, "वहीमां चुकनं का पान फाडनं पडस. आठे फाडानं काम नही. काढता येस, परत टाकता येस."

माझं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे नव्हतंच. माझ्या डोक्यात त्यांची स्वतःची फाइल होती.

आबा कपडे शिवतात. दुकानात तशीच एक जाडजूड फाइल असते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं त्यात एक पान असतं. पोर वाढलं की जुनं पान काढायचं, नवं अडकवायचं. मध्ये शर्टाच्या खोक्याचे पुठ्ठे घालून तीन भाग केलेले: गावातले, बाजाराच्या दिवशी डोंगराकडून येणारे, आणि परगावी. गाव सोडून गेलेल्यांची पानं त्या शेवटच्या पुठ्ठ्यामागे जायची. अक्काचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं, ती नरडाण्याला गेली, आणि दुसऱ्याच दिवशी आबांनी तिचं पान परगावी टाकलं. पहिल्या माहेरपणाला आलेल्या अक्काने ते पाहिलं आणि अशी रडली, अशी रडली, की माय आबांशी दोन दिवस बोलली नाही. आबा आपले म्हणत राहिले, "अरे, कामनी पद्धत शे ती!"

म्हणून गाडीत चढताना मी खिडकीतून ओरडले, "आबा, मनं पान मागे टाकू नका!" ते नुसते हसले. धुळं येईपर्यंत मी रडत होते आणि शेजारची बाई मला विचारत होती, सासरी चाललीस का.

जळगावला महिन्याभरात कोरी पानं संपली. दुकानातून तयार रिफिल आणलं, तर भोकं कड्यांना जुळेनात. दुकानदार म्हणाला, "मॅडम, या कड्या कुठल्या जमान्यातल्या?" मी तरी हट्टाने ओढून ओढून पानं बसवली आणि डझनभर पानं फाडली. आबांना फोनवर सांगितलं, तर ते हसत सुटले. कव्हरच्या खिशात दोन भोकांचा एक पुठ्ठा होता. मी समजत होते, कव्हरला ताठपणा यावा म्हणून घातलाय. तो साचा होता! पान त्याखाली धरायचं आणि दाभणाने भोकं पाडायची. झालं, तेव्हापासून आजतागायत माझी सगळी पानं त्याच मापाची आहेत.

आज जळगावच्या मेहरूण तलावाच्या आजूबाजूला मी घरोघरी जाऊन पेशंट बघते. एका पेशंटला एक पान. सकाळी चहा घेताना दिवसभराच्या क्रमाने पानं लावते. कोणी फोन करून सांगितलं की आज पाहुणे आलेत, उशिरा या, तर त्यांचं पान उचलून खाली सरकवते. आज गुडघा किती वाकला, कोणाचा खांदा कुठवर उठला, कोण व्यायाम न करता खोटं बोलतं, सगळं तिथे. माझ्याबरोबरच्या मुली मोबाईलमध्ये लिहितात आणि माझ्या फाइलला 'चोपडी' म्हणून चिडवतात. चिडवू देत. माझे पेशंट चालायला लागतात, एवढं मला पुरतं.

बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी आबांची फाइल एकदाही उघडली नाही. दिवाळीला जायचे, दुकानात बसायचे, तिच्याकडे बघायचे, पण हात लावायचे नाही. खोटं कशाला बोलू, भीती वाटायची. माझं पान परगावी सापडलं असतं, तर जळगावात मी कितीही पाय रोवले असते तरी आतून काहीतरी मोडलं असतं.

गेल्या महिन्यात आबांचा गुडघा धरला. जन्मभर पायमशीन चालवलेलं, दुसरं काय होणार? मी साक्रीला गेले, गुडघा तपासला, व्यायाम शिकवले आणि माझ्या फाइलमधलं एक कोरं पान काढून त्यावर सगळं लिहिलं. हे कुठे ठेवू, विचारलं. मशीनवरून मान वर न करता आबा म्हणाले, "मनी फाइलमां टाक. मनं पान नहीच शे तिमां." खरंच की! आयुष्यभर गावाची मापं घेतली, पण स्वतःचं पान केलं नव्हतं.

मग फाइल उघडणं आलंच. मी आधी शेवटचा पुठ्ठा शोधला. मागून पुढे, पुढून मागे, दोनदा. परगावी नावाचा पुठ्ठाच नव्हता.

"काढी टाका तो," आबा म्हणाले. "तू गयी त्या दिनलेच. आते बठ्ठा आठेच शेतस."

मी गेले त्याच दिवशी तो पुठ्ठा निघाला होता, आणि माझं पान गावातल्यांत होतं. नुसतं होतं असं नाही, दर दिवाळीची नोंद होती त्यावर. बाराही वर्षांत आबांनी मला एकदाही टेप लावली नव्हती. मी दारातून आत येताना ते नजरेने माप घ्यायचे आणि शाळेतल्या मराठीत लिहून ठेवायचे. 'कंबर एक इंच जास्त. जळगावचं पाणी मानवलं.' हे वाचून मी हसले. आणि पहिल्याच वर्षाची ओळ: 'खांदे उतरलेत. विचारणे.' त्या वर्षी मी परीक्षेत नापास झाले होते, घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. आबांनी विचारलं होतं, "काय व्हयनं वं?" आणि मी म्हटलं होतं, काही नाही. मी दुकानात बसून ढसाढसा रडले. आबांनी मशीन थांबवलं नाही. ते तसेच आहेत.

मग त्यांचं पान माझ्या पानाच्या आधी ठेवलं. भोकं अचूक बसली, बसणारच होती. माझ्या पानापाठोपाठ अक्काचं पान होतं.

तुम्ही गावात राहिलात किंवा माझ्यासारखे निघालात, तुमचं घर कशाला म्हणायचं ते तुम्ही ठरवा. माझं ठरलंय. आपण दिसत नसतानाही जिथे आपलं माप चालू ठेवतात, ते घर. मी जळगावात उपरी नाही आणि साक्रीत पाहुणी नाही.

मी तिथूनच नरडाण्याला फोन लावला. "अक्का, तुनं पान मना पाननाजोडे शे."

पलीकडून नाक ओढत अक्का म्हणाली, "कंबर कितली लिखेल शे?"

"सांगू?"

"सांगू नको," ती म्हणाली. "मी येस."