झाकलेली खिरापत

माझ्या थोरल्या नणंदबाईंनी जन्मात कुणालाही, कशालाही सरळ 'हो' किंवा 'नाही' म्हटलेलं नाही, हे मी आमच्या अख्ख्या सुभानपुरा वस्तीला साक्षी ठेवून सांगायला तयार आहे. भाजीवाला गुजरातीत विचारतो, "मासी, भींडा आपुं के नहीं?" तर या म्हणतात, "जोया पछी नक्की थशे." पाहिल्यावर ठरेल! तो बिचारा भेंडी त्यांच्या नाकापुढे धरूनच उभा असतो. तरुणपणी स्थळ सांगून आलं, तेव्हाही यांनी असंच काहीसं उत्तर दिलं म्हणे. मुलाकडचे अजून वाट बघत असतील. पुढे जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, एकटीनं झकास संसार केला, आणि आता माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतात. रोज सकाळचा चहा माझ्याकडे. येणार का, हे मात्र आदल्या दिवशी कधीच सांगत नाहीत.

मी अगदी उलट. लग्नानंतर मी गोरव्याच्या एका कारखान्यात संगणक विभागात लागले. त्या गार खोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवघरात शिरल्यासारखं. तिथला गारवा थेट माझ्या डोक्यात गेला. यंत्राला फक्त शून्य आणि एक कळतं, म्हणून मीही घर तसंच चालवायला घेतलं. नवऱ्याला विचारायची, "भूक आहे? हो की नाही?" ते "थोडी आहे" म्हणाले की ताटच वाढायची नाही. काय भवानी होते मी! दसऱ्याला त्या यंत्राला झेंडूचा हार घालताना मला खात्री असे, की याहून शहाणं जगात काही जन्माला यायचं नाही.

म्हणून यंदा नवरात्राच्या आधी, मी चकल्या तळत असताना, वन्सं ओट्याला टेकून म्हणाल्या, "कुमुद, आता असं यंत्र बनतंय, ज्याच्या पोटात शून्य आणि एक दोन्ही एकदम नांदतात," तेव्हा माझा झारा कढईत पडला.

"अहो वन्सं, दिवा एकतर लागेल, नाहीतर विझेल!"

"तुझ्या यंत्रात. या क्वांटम यंत्रात बघेपर्यंत दोन्ही. बघितलंस, की एकच उरतं."

आमच्याकडे भोंडल्याची गाणी संपली की झाकलेल्या डब्यातला खाऊ मुलींनी ओळखायचा असतो. तेच माझ्या डोक्यात आलं. "म्हणजे आपल्या खिरापतीसारखं! झाकण उघडेपर्यंत लाडूही आणि करंजीही."

"साफ चूक!" वन्सं अशा ओरडल्या, की मी पाट ओढून खालीच बसले. "डब्यात लाडू आहे हे ठरलेलंच असतं, फक्त तुला माहीत नसतं. इथे ठरलेलंच नसतं. तुझं यंत्र त्या मुलींसारखं आहे. लाडू? नाही. करंजी? नाही. भयंकर भराभर, पण एकेक."

"आणि नवं यंत्र सगळं एकदम विचारतं?"

"नुसतं एकदम विचारून गलका होईल गं. सगळी नावं एका गाण्यात अशी बसवायची, की चुकीची एकमेकांना गप्प करतील आणि बरोबर असेल ते मोठ्यानं ऐकू येईल. तेही थोड्याच कोड्यांत जमतं. बाकीच्या कामांना तुझंच यंत्र बरं. हे नवं फार नाजूक, जरा धक्का लागला की सगळं विस्कटतं." एवढं सांगून माझी चकली त्यांनी अशी मोडली, जणू काही झालंच नाही. मी मात्र दोन रात्री जागी. ज्याला मी हार घातले, त्याला हे एवढंसंही येत नव्हतं!

त्यातच बेंगलोरहून त्यांच्या भाचीचा मला फोन. "काकू, आत्याला कायमचं इकडे बोलावलंय. दसऱ्यापर्यंत सांगते म्हणाली." हा त्याहून मोठा धक्का. चहा पिताना या बाईनं चकार शब्द काढला नव्हता!

भोंडल्याला खिरापत वन्संची होती. मुलींनी श्रीखंडवडीपासून इथल्या ओलसर लीलो चिवड्यापर्यंत सगळं ओरडून पाहिलं, कुणाला ओळखता आलं नाही. झाकण उघडलं, तर आत म्हैसूरपाक. "भाचीनं पाठवला," वन्सं म्हणाल्या. म्हणजे जायचं ठरलं की काय! स्वयंपाकघरात त्यांना गाठलं. "हो की नाही?" असं जिभेवर आलेलं गिळलं आणि विचारलं, "वन्सं, ठरलंय आणि मला माहीत नाही, की ठरलेलंच नाही?"

"आज पहिल्यांदा बरोबर प्रश्न विचारलास," त्या म्हणाल्या, आणि पदरानं चष्मा पुसायला लागल्या. "ठरलेलं नाही गं. इथला चहा सुटत नाही, आणि तिथली पोर बोलावते आहे. अजून थोडे दिवस दोन्ही राहू दे."

दसरा होऊन गेला. काल भाचीचा पुन्हा फोन. "काकू, आत्या येतेय ना? हो की नाही?" मी म्हटलं, "अगं, धक्का लावू नकोस." पोर चक्रावली असेल. चक्रावू दे.

सकाळी मी आता दाराकडे बघत नाही. बघितलं, की एकच उरतं. चहाचं आधण मात्र दोघींचं ठेवते.