दाजींच्या अंगातलं चोरटं पाणी

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसाच तुम्ही! माझी लायकीच ती हाय.

आणीबाणी उठली, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. देशातली उठली आणि आमच्या घरात मी लावली!

माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक, म्हणजे आमचे दाजी. त्यांच्या दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. तेव्हा सोलापुरात कुठलं आलंय रक्त धुवायचं मशीन? दर आठवड्याला पुणे. दाजींना नेणं-आणणं माझ्याकडं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दिवसाला चार पेले पाणी. रोज वजन करा. दोन किलोंच्या वर वाढलं, तर अंगात पाणी साठलं समजा. लगेच घेऊन या."

वजन कुठं करायचं? मी सुताच्या पेढीवर कामाला. तिथं गठ्ठे तोलायचा थोरला काटा. दाजींना टांग्यात घालून नेलं, काट्यावर उभं केलं. मल्लप्पा हमालानं आकडा वाचला, "छप्पन!"

छप्पन? पुण्याहून निघताना त्रेपन्न भरले होते की!

"दाजी, किती पेले प्यालात?"

"चारच की रं, सिद्ध्या. तुझ्या अक्काला विचार."

मी कसला ऐकतोय! पुण्याला पळवायच्या आधी पाणी तोडून बघू म्हटलं, चाराचे दोन पेले केले. माठाला साखळी, साखळीला कुलूप आणि किल्ली माझ्या करदोड्याला.

दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न!

"अक्का, तू लाड करतीयास त्यांचे! कालवण पातळ केलं असशील!"

"कसलं कालवण? कोरडी भाकरी खाऊन घशाला भेगा पडल्यात त्यांच्या!" अक्का रडायलाच लागली.

मग मला वाटलं, हा माणूस आंघोळीचं पाणी तर पीत नसेल? न्हाणीच्या दारात पहारा बसवला. माझाच.

दाजी आतून ओरडले, "अरं, साबणाचं पाणी पिऊ व्हय मी? तोंडातनं फुगे निघतील की!"

तिसऱ्या दिवशी साठ! माझी पाचावर धारण बसली. सकाळच्या गाडीनं पुणं गाठलं आणि मी बोंबलतच आत शिरलो, "डॉक्टर, सात किलो पाणी हाय आत! फुटतील हो आमचे दाजी!"

डॉक्टरांनी दाजींना काट्यावर उभं केलं. साडेबावन्न!

"अहो, हे तर सुकलेत. तुम्ही वजन करता तरी कसं?"

मी ऐटीत पुढं झालो. "उभ्यानं भोवळ येते त्यांना, साहेब. म्हणून मी असं कमरेला धरतो. पाणी तोडल्यापासून तर लईच झुकतात, मग मीही जोर लावून धरतो."

काटा झर्रकन पुढं गेला. डॉक्टरांनी खाली बघितलं. मीही बघितलं.

दाजींच्या दोन पायांशेजारी, काट्यावर, माझा एक पाय!

डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं पेलाभर पाणी दिलं. दाजींनी ते घोट घोट करत संपवलं. मी आपला भिंतीकडं तोंड करून उभा. मशीनकडं न्यायला नर्स आली, तेव्हा दाजींनी तिला हातानं थांबवलं.

"बाई, माझं मागनं बघू. ते सात किलो पाणी ह्याचं हाय, पयलं ह्याला लावा!"