पिंजऱ्याच्या दाराचं खोबरेल

हे मी कोणाशी बोललेली नाही. मुलाशी नाही, सुनेशी नाही. देवापुढेही नाही — त्याला काय सांगायचं, त्याने पाहिलंच असेल. तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुम्हांला सांगणं जमेल असं वाटतं. पण आधी एक ऐकून घ्या. पिंजरा लावण्यात माझा हात धरणारं त्या डोंगरावर कोणी नव्हतं. बढाई म्हणा हवं तर. खरी आहे.

डोंगर म्हणजे ओमानचा जबल अखदर. ओमान म्हटलं की लोकांना वाळू आणि घाम आठवतो. जानेवारीतल्या पहाटे वर येऊन बघा म्हणावं — बादलीतलं पाणी काचेसारखं धरलेलं असतं. माझा मुलगा महेश तिथे एका गेस्टहाउसात पंप आणि जनरेटर सांभाळायचा. नवरा गेल्यावर त्याने मला गावाहून नेलं. दोन हजार दहानंतरची ती वर्षं. गेस्टहाउसामागेच मालकाचं, म्हणजे आमच्या अर्बाबचं घर. त्याच्या म्हाताऱ्या आईच्या कोंबड्या होत्या. आणि कोंबड्या म्हटल्यावर कोल्हा आलाच.

कोंबड्या सांभाळायला यूसुफभाई होते, श्रीवर्धनचे. माझ्याच वयाचे, पाठीत जरा वाकलेले, बोलायला गोड. रोज संध्याकाळी खुराड्याच्या कुंपणाशी पिंजरा लावायचं काम त्यांचं. पण पिंजरा चालता ठेवायचं काम माझं. ते मला कोणी दिलेलं नव्हतं, मी घेतलं होतं.

त्याचं असं झालं. पहिल्या हिवाळ्यात पिंजरा रोज फसायचा. आत खाली एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर जनावराचा पाय पडला की वरचं दार खाडकन खाली यायचं. पण संध्याकाळी दव पडायचं, रात्री ते गोठायचं आणि पट्टी तळाला चिकटून बसायची. कोल्हा यायचा, आमिष खायचा, जायचा. पुरुषमंडळी पिंजऱ्याला लाथा घालत होती. लाथेने काय होतं? माझे वडील हर्णैकडे उदमांजरांना पिंजरे लावायचे. चौथीनंतर शाळा सुटली ती मी त्यांच्याच हाताखाली होते. मी पिंजरा दिवसभर चुलीजवळ सुकवायला सुरुवात केली. पट्टीखाली कोरड्या लेंड्यांचा भुगा पसरला, म्हणजे ओल तो पिईल. वरून गोणपाट.

"काय ताई," यूसुफभाई म्हणायचे, "पाव्हण्याची गादी गरम करताव काय? हुडहुडी भरंल त्याला?"

"भरू दे," मी म्हणायची. "तुम्ही फक्त वेळेवर लावा."

त्याच आठवड्यात कोल्हा सापडला. अर्बाबने त्याला गाडीत घालून लांब सोडलं आणि परत येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "अम्मा, तू इंजिनियर है." चौथी शिकलेली बाई मी. ते वाक्य मी कित्येक दिवस मनात घोळवत होते. अजूनही घोळवते, खोटं कशाला बोलू?

पुढच्या हिवाळ्यात दुसरा कोल्हा आला. आता दाराच्या खाचा गंजल्या होत्या आणि दार सावकाश उतरायचं. शिलाई मशीनचं तेल घातलं, तर त्याच्या वासाने कोल्हा दोन हात लांबूनच फिरला. मातीत पाय उमटले होते. मग मी डोकं चालवलं. वडील खोबरेल लावायचे. त्याला खाण्याचा वास. दुपारच्या उन्हात बाटली पातळ करून मी दोन्ही खाचांत बोटाने तेल फिरवलं आणि दार सोडून बघितलं. खाडकन पडलं. मला कोण आनंद झाला! यूसुफभाईंना सांगितलं नाही. माझ्या युक्त्या मी कोणाला सांगत नसे.

तुमच्या लक्षात आलं ना? कोणाही कोकणी बाईच्या येईल. आमच्या न्हाणीत खोबरेलाची बाटली रोज दगडासारखी व्हायची. रोज सकाळी ती उन्हात ठेवणारी मीच. आणि त्याच हाताने मी ते तेल रात्रभर थंडीत राहणाऱ्या लोखंडाला लावलं. वडिलांचे पिंजरे हर्णैला होते, जबलवर नव्हते — एवढं साधं मला कळू नये?

सकाळी सगळ्यांआधी मी उठले. कुंपणाखालची माती उकरलेली, खुराड्याची जाळी उचकटलेली आणि पिसंच पिसं. पिंजऱ्यातलं आमिष गेलेलं, पट्टी खाली दबलेली, दार वरच्या वर. ओढून पाहिलं, हलेना. खाचांत पांढरंशुभ्र खोबरेल थिजलं होतं, मेणासारखं.

मी उभी राहिले नाही. विचारही केला नाही. घरात जाऊन उकळतं पाणी आणलं, खाचांवर ओतलं, फडक्याने पुसलं, कोरडं केलं, पट्टी वर उचलली आणि दार खाली सोडून ठेवलं, पिंजरा लावलाच नसल्यासारखं. लोक उठायच्या आत मी चुलीपाशी होते.

मग यूसुफभाई आले, अर्बाब आला, त्याची आई आली आणि पिसं बघून रडायला लागली. अर्बाबने दार वर ओढून पिंजरा लावला आणि काठीने पट्टी दाबली. दार खाडकन पडलं.

"यूसुफ, ये तो चलता है. तू लगाया ही नहीं."

"लगाया, अर्बाब. कसम से लगाया." ते माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही त्या वक्ताला खिडकीत असता ना? बघितलंत ना मला लावताना?"

मी बघितलं होतं. त्यांनी कडी अडकवली, वाकून पट्टी चाचपली, गोणपाट नीट केलं, मग कोंबड्यांना आवाज देत आत घेतलं. सगळं बघितलं होतं.

"मी भाकऱ्या थापत होते," मी म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

अर्बाब ओरडला असता तर बरं होतं. तो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उमर हो गया, यूसुफ. खलास." माफच केलं त्याने. न केलेल्या चुकीची माफी अंगावर घेऊन माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

इथवर तरी मी घाबरले होते म्हणता येईल. पण पुढे? पुढे ते खुराड्याची कडी लावायचे, दहा पावलं जायचे आणि परत येऊन बघायचे. एकदा चहा घेताना हळूच म्हणाले, "ताई, माणसाला वाटतं काम केलं, आणि केलेलंच नसतं, असं होतं काय?"

तेव्हा कोणी जवळ नव्हतं. अर्बाब नव्हता. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "होतं. वयाने होतं."

उन्हाळ्याच्या आधी त्यांनी आपणहून अर्बाबला सांगितलं, मला गावाला पाठवा, माझा भरवसा नाही राहिला. कोणी काढलं नाही त्यांना.

तो दुसरा कोल्हा मी त्याच हिवाळ्यात पकडला. खाचांना साधी मेणबत्ती घासली. मेण थिजत नाही, ते असतंच थिजलेलं. वास नाही, ओल धरत नाही. त्यानंतर आम्ही तिथे होतो तोवर एका रात्रीही माझ्या पिंजऱ्याचं दार अडकलं नाही. आजूबाजूच्या बागांतले कामगार विचारायला यायचे. तेल कुठलंही नको, मेण घासा, मी सांगायची. कुठून शिकलात, तर वडिलांकडून. तेही खोटंच. अर्बाबच्या आईने मला लोकरीची शाल दिली, चार बायकांसमोर. मी मान ताठ ठेवून घेतली. ती शाल मिळाल्याचा अभिमान मला आजही आहे. तो गेला असता तर हे सांगायला सोपं झालं असतं. गेला नाही.

आता आम्ही खाली, मस्कतजवळ अल अमेरातला राहतो. इथे दव पडतं, गोठत नाही. मागच्या ईदला महेशने श्रीवर्धनला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. यूसुफभाई खुशीत होते. लेकीकडे राहतात. रात्री दाराची कडी लेक लावते, गॅस लेक बघते, किल्ल्या तिच्याकडेच असतात.

"माझ्या हातात काय देत नाहीत, ताई," ते म्हणाले. "मीच सांगितलंय, देऊ नका. माझं डोकं तिकडं जबलवरच गेलं ना!"

आणि ते हसले. मीही हसले.