ब गटाचा ठोकळा

विद्यापीठातल्या आमच्या इंजिनिअरिंगच्या इमारतीत वारा इतका, की दारं दिवसभर आपटतात. म्हणून प्रत्येक दाराला काँक्रीटचा एकेक ठोकळा टेकवलेला असतो. मुलांनी प्रॅक्टिकलला ओतायचा, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग किती भार सोसतो ते पाहायला यंत्राखाली दाबून फोडायचा, तोच हा ठोकळा.

परवा भाचीच्या प्रवेशासाठी तिथे गेलो होतो. विभागप्रमुख मॅडमच्या दारातच सणसणीत ठेच लागली. कळवळून खाली वाकलो, तर ठोकळ्यावर खिळ्याने कोरलेलं दिसलं, 'ब गट'. अक्षर माझंच!

आम्ही तो कधी फोडलाच नव्हता. दिवाळीला गावी गेलो, ते फराळ संपेपर्यंत परतलो नाही. मग शेजारच्या गटाचे आकडे थोडे इकडचे तिकडे करून जर्नलमध्ये उतरवले. सरांनी मुकाट्याने सही केली आणि त्या सहीच्या जोरावर मी जन्मभर पाण्याच्या टाक्या बांधल्या.

मनात आलं, इमानदारीने परीक्षेला बसलेल्या ठोकळ्यांचा तेव्हाच चुरा झाला. दारं सांभाळायला उरले ते आमच्यासारखे चुकार. बऱ्याच कचेऱ्यांचं असंच असावं.

"फार लागलं का हो?" मॅडम बाहेर आल्या. "मी इथे शिकत होते तेव्हापासून आहे तो. भारी मजबूत!"

राहिलेलं प्रॅक्टिकल अखेर त्या दिवशी झालं होतं. ठोकळा पास झाला होता. फुटला होता तो माझा अंगठा.