गौरीपुढे ठेवलेला माइक

आमच्या गल्लीत कागदावर चार दिवे होते, खांबावर एकही नाही. खंडेराव गेटकडून आत वळलं की संध्याकाळी भिंत चाचपतच घरी यायचं. गेल्या थंडीत आमचे हे तिथेच पडले, खुब्याला मार बसला. तेव्हापासून त्यांचं संध्याकाळचं देवळात जाणं बंद. काठी आहे, पाय चालतात, पण मनात भीती बसली. दिवे लागले असते तर गेले असते हो!

आणि एक दिवस टीव्हीवर आमचेच पार्षद. आमच्या ह्या हिंदी मुलखात पार्षद म्हणजे तुमच्याकडचे नगरसेवक. न लावलेल्या दिव्यांचं बिल पास केलं म्हणे. त्याआधी नाल्याचं प्रकरण, त्याआधी हातपंपाचं. बातमीवाले त्यांच्या दाराशी ठाण मांडून बसलेले.

माझ्या घरी त्या दुपारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. बायका अजून यायच्या होत्या, तेवढ्यात परसदारातून पार्षदच आत, घामाघूम!

"काकीजी, बस पाँच मिनट. मीडियावाले पीछे पड़े हैं."

हळदीकुंकवाला पुरुषमाणसाने गौरीच्या खोलीत बसायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. हेसुद्धा स्वयंपाकघरात डाळीसाठी कैऱ्या किसत होते. पार्षदांना मी तिकडेच धाडलं. ह्यांनी वर न बघता दुसरी किसणी पुढे सरकवली.

"आओ भैया, बैठे-बैठे हाथ चलाओ."

पाठोपाठ दारात एक मुलगी, हातात माइक, मागे कॅमेरावाला. "अम्माजी, पार्षदजी अंदर हैं क्या?"

आता काय सांगू? नाही म्हणावं तर समोर पाळण्यात गौर बसलेली. हो म्हणावं तर हा बाबा परसातून पळणार आणि दिवे राहणार. म्हटलं, "पहले अंदर आओ बेटी. आज के दिन दरवाज़े आई लड़की खाली हाथ नहीं जाती. भैया बाहर ही रुकेंगे."

कॅमेरावाला उंबऱ्याबाहेरच थांबला. मी तिला हळदीकुंकू लावलं, अत्तर दिलं आणि भिजवलेले हरभरे पुढे केले. ते घ्यायला ओंजळ लागते, म्हणजे दोन्ही हात. मग माइक कुठे धरणार? तिने तो गौरीपुढे ठेवला.

"अम्माजी, मैं ड्यूटी पर हूँ."

"ड्यूटी कहीं भागी नहीं जा रही. पन्हं पियो."

तिला पन्हं आणि डाळ देऊन मी स्वयंपाकघरात गेले. पार्षद कुजबुजले, "कह दीजिए, नहीं हूँ."

"गौर के सामने झूठ नहीं बोलूँगी. दिवे कब लगेंगे?"

"लग जाएँगे काकीजी."

"मुझे नहीं, बाहर कैमरे को बताइए."

"मेरी इज़्ज़त का तो सोचिए!"

हे म्हणाले, "भैया, आपकी इज़्ज़त टीवी पर गई, मेरा कूल्हा आपकी गली में गया. आज दोनों का कुछ कर दो."

भिंतीला ह्यांची काठी टेकलेली होती. पार्षद तिच्याकडे बघत राहिले, मग उठलेच. हाताला कैरीचा कीस तसाच. मुलीच्या तोंडात डाळीचा घास, तशीच ती माइक उचलून त्यांच्यामागे धावली. उंबऱ्याबाहेर त्यांनी शब्द दिला, आठ दिवसांत दिवे.

संध्याकाळी टीव्हीवर काय आलं? 'रसोई में कच्चा आम घिसते मिले पार्षद!' मानिक चौकातला भाजीवालासुद्धा मला विचारू लागला, "अम्मा, और किस-किस से घिसवाती हो?"

आठवडाभरात दिवे लागले, पण दोनच. हे काठी घेऊन निघाले, दुसऱ्या खांबापर्यंत गेले आणि परत आले. पुढे अंधार. मी त्या मुलीला फोन केला. "आती हूँ अम्मा," ती म्हणाली, "वो डाल बची है क्या?"

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दोघं आली. अंधारातले रिकामे खांब दाखवायला कॅमेरावाल्याने आपला मोठा दिवा लावला. गल्ली लख्ख! मुलीने ह्यांच्यापुढे माइक धरला, "बाबूजी, कैसा लग रहा है?"

"रुको बेटी, पहले दर्शन," म्हणत हे काठी टेकत त्या उजेडातून थेट देवळाकडे चालू लागले. कॅमेरावाला बिचारा दिवा धरून मागे मागे. येतानाही त्यालाच थांबवून घेतलं. बदल्यात प्रसाद दिला की!