तीनदा दहा मोजणाऱ्या मुलाणी सिस्टर

मुलाणी सिस्टर झोपलेल्या माणसाजवळून कधी सरळ पुढे गेल्या नाहीत. स्टँडच्या बाकावर कुणी आडवा झालेला असो, बाजारात पोत्याला टेकलेली म्हातारी असो, की एसटीत शेजारी डुलक्या काढणारी मी असो, त्या क्षणभर थांबायच्या आणि छाती वर-खाली होते आहे का ते बघायच्या. होत असली की पुढे. एकदा इंदापूरच्या स्टँडवर एक कंडक्टर त्यांच्या या बघण्यानेच जागा झाला. ओशाळून म्हणाला, "काय झालं मावशी?"

"काय न्हाय. श्वास चालू हाय तुमचा. झोपा."

तिशीपासून निवृत्तीपर्यंत त्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर नर्स होत्या. निवृत्तीनंतर लोक हज करतात, नातवंडं सांभाळतात. सिस्टरांनी दर शनिवारी गावोगाव जाऊन बंद पडलेलं हृदय हाताने कसं दाबायचं, श्वास कसा द्यायचा, हे शिकवायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "नोकरीत लई जणं दारापर्यंत आणलेली बघितली. घरच्यांनी नुसतं धरून आणलेली. वाटंत कुणी हात लावलेला नसायचा."

मी पळसदेवच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. माझी-त्यांची गाठ तिथेच पडली. शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर आम्हा शिक्षकांना थांबवून घेतलं होतं, त्यामुळे सगळेच वैतागलेले. सिस्टर आल्या त्या खताच्या रिकाम्या पोत्यात काहीतरी जड घालून. पोत्यातून कमरेपर्यंतचा एक रबरी माणूस निघाला आणि एक रबरी तान्हं बाळ. माणसाचं नाव तात्या. सिस्टरांनी त्याला फरशीवर निजवलं, दोन्ही खांदे थोपटले आणि गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "तात्या! ओ तात्या! ऐकू येतंय का?" वर्ग हसला. सिस्टर हसल्या नाहीत. "तात्या बोलत न्हाय. श्वास बघा, दहा आकडे मोजून व्हायच्या आत. मधनंच आचका दिल्यावानी श्वास घेतला तर तो श्वास न्हवं. एकानं एकशेआठला फोन लावा. दुसरा हितं बसा."

माझी पाळी आली. मी छातीच्या मधोमध तळहात ठेवला, त्यावर दुसरा, आणि दाबू लागले.

"बाई, कणीक मळताय का? कोपरं ताठ करा. चांगली दोन इंच खाली गेली पाहिजे छाती. आन दाबून झालं की पुरती वर येऊ द्या."

मी तीसपर्यंत मोजत होते. पंचवीसच्या पुढे माझा वेग पडला. सिस्टरांनी मला थांबवलं. "सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस... लांबलचक आकडं हायेत. म्हणता म्हणता हात रेंगाळतो. दहापर्यंत मोजा. तीनदा. मग दोन श्वास." एवढी वर्षं पोरांना पाढे शिकवले, पण अठ्ठावीस म्हणायला पाचपेक्षा जास्त वेळ लागतो हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

त्याच महिन्यापासून मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. माझ्याकडे स्कूटी होती आणि त्यांचे गुडघे गेले होते, एवढंच खरं कारण. मी पुढे, सिस्टर मागे, मधे पोत्यात तात्या. उसाच्या ट्रॉल्या चुकवत आम्ही जायचो. गावात पोचल्यावर सरपंच यायचे, फोटो व्हायचा आणि फोटो झाला की निम्मी माणसं उठून जायची. उरलेली मोबाइलमध्ये. सिस्टर कुणालाच रागवायच्या नाहीत. तेच वाक्य, तोच आवाज, पुन्हा पुन्हा: "मोठ्याला दोन हात, पोराला एक हात, तान्ह्याला दोन बोटं." आमच्या धरणाकाठच्या गावांत त्यात एक भर असायची. बुडालेल्याला पालथं घालून पोट दाबायची इथली जुनी सवय. "पोटातलं पाणी काढत बसू नका. बुडालेल्याला आधी श्वास द्या, मग छाती दाबा," असं त्या सांगायच्या आणि मागून कुणीतरी म्हातारा हमखास म्हणायचा, "आमी तर पाणीच काढत आलोय." सिस्टर शांतपणे विचारायच्या, "मग किती उठली, आबा?"

  

बारामतीच्या बाजारातली दुपार मी विसरू शकत नाही. केळीच्या गाड्यापुढे पंचावन्न-साठचा एक माणूस पिशवी हातात असतानाच कोसळला. मी वळेपर्यंत सिस्टर गुडघ्यांवर बसल्या होत्या. गर्दी जमली. कुणी कांदा आणा म्हणत होतं, कुणी चप्पल हुंगवा. चार-पाच जण चित्रण करत होते. सिस्टरांनी त्यातल्या एकाकडे बोट दाखवलं, "तुमी, निळा शर्ट! शूटिंग बंद करा, एकशेआठला फोन लावा." दोन मिनिटांनी त्या म्हणाल्या, "बाई, बदला," आणि मी बसले. पाचव्या-सहाव्या दाबाला माझ्या तळहाताखाली कट्‌ असा आवाज झाला. माझे हात आपोआप वर आले.

"थांबू नका! बरगडी हाय ती. दाबा!"

आम्ही आळीपाळीने दाबत राहिलो. गाडी आली, त्या लोकांनी पुढचं सगळं केलं, पण तो माणूस परत आला नाही. दवाखान्याच्या आवारात त्याचा मुलगा आमच्या अंगावर धावून आला. "ह्या बायांनी माझ्या बापाची छाती मोडली." डॉक्टरांनी त्याला समजावलं, पण त्याला ऐकायचं नव्हतं. सिस्टर मान खाली घालून उभ्या राहिल्या. 

परत येताना मला रडू आवरेना. सिस्टर म्हणाल्या, "तो पडला तवाच गेलेला होता, बाई. गेलेल्या माणसाचं आपुन आणखी काय वाईट करणार?"

"मग कशाला करायचं?"

 त्या म्हणाल्या, "बहुतेक जातातच. एखादा ऱ्हातो. कोण ऱ्हाणार ते कपाळावर लिवलेलं दिसत न्हाय. म्हणून सगळ्यांना दाबायचं."

त्यानंतर प्रत्येक गावात त्या हे आधी सांगू लागल्या. बरगडी मोडेल, माणूस जाईल, लोक शिव्या देतील. ऐकून आणखी माणसं उठून जायची. मी म्हटलं, "सिस्टर, हे शेवटी सांगू." त्या म्हणाल्या, "ज्याच्या हातात माणूस जाईल त्यानं जन्मभर सोताला खात बसावं व्हय?"

मग ते दोन बोटांचं प्रकरण झालं. बारामतीला एका शिबिरात तरुण डॉक्टर सांगत होते की तान्ह्या बाळाला आता दोन बोटांनी दाबायचं नाही, दाब पुरेसा पडत नाही. दोन्ही हातांनी बाळाची छाती वेढून दोन अंगठ्यांनी दाबायचं, किंवा एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने. सिस्टर उभ्या राहिल्या. "डॉक्टर, मी ज्यांना दोन बोटं शिकिवली त्यांचं काय?"

डॉक्टर हसून म्हणाले, "काहीच न करण्यापेक्षा तेही बरंच की, सिस्टर. काळजी नका करू."

सिस्टर खाली बसल्या, पण त्यांचं लक्ष पुढे कशातच नव्हतं. बाहेर पडताना म्हणाल्या, "बाई, सगळी गावं परत करावी लागतील."

मी चिडले. खरंच चिडले. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, शाळेत कुठलं ना कुठलं सर्वेक्षण चालूच, आणि ह्यांना सगळी गावं परत करायची! "मी नाही येणार," मी म्हटलं. "एवढ्याशा फरकासाठी कोण जमणार आहे?"

"नका येऊ," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पुढच्या शनिवारी रबरी बाळ पिशवीत घालून त्या एकट्याच एसटीने निघाल्याचं मला कळलं. त्याच्या पुढच्या शनिवारी मी स्कूटी काढली.

लोक जमले नाहीत हे खरंच. मग सिस्टर घरोघर जायला लागल्या. "सिस्टर, झालंय की आमचं!" असं म्हणणारीला त्या म्हणायच्या, "झालंय, पण मी चुकीचं शिकिवलं. हे घ्या, दोन अंगठं." शाळेची फी चुकून जास्त घेतली म्हणून कुणी परत द्यायला यावं, तशा त्या दारात उभ्या असायच्या. काटेवाडीत वर्षा नावाची एक सून गोठ्यात धार काढत होती. आठवा महिना चालू होता तिला. उठवणार कसं? सिस्टर तिथेच तिच्यापुढे उकिडव्या बसल्या आणि रबरी बाळाला गव्हाणीच्या कडेवर ठेवून दाखवू लागल्या. "नाक आन तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यायचं. फुंकर गालातली, छातीतली न्हाय. आन हे अंगठं." वर्षाने दुधाचे हात पदराला पुसले आणि हसत हसत दोनदा करून दाखवलं. मला वाटलं, हिला काही आठवणार नाही.

त्या फेरीनंतर सिस्टरांचंच हृदय अशक्त झाल्याचं निघालं. जिना चढताना धाप लागायची. मुलगी नसरीन त्यांना वालचंदनगरला आपल्या क्वार्टरमध्ये घेऊन गेली.

वर्षाचा मुलगा दहा महिन्यांचा असताना रांगत गोठ्याजवळ गेला आणि पाण्याच्या बादलीत डोक्यावर पडला. वर्षाने त्याला काढलं तेव्हा तो निळा होता आणि हलत नव्हता. सासू त्याला पालथा धरायला धावली. वर्षाने तिला ढकललं, अक्षरशः ढकललं, पोराला ओट्यावर ठेवलं, श्वास दिले आणि अंगठ्यांनी दाबायला लागली. शेजाऱ्यांनी फोन केला. गाडी यायच्या आधी पोरगं ओकलं आणि रडलं. चार दिवसांनी ते बारामतीहून घरी आलं.

मी ती बातमी घेऊन वालचंदनगरला गेले. वाटलं होतं, सिस्टर उठून बसतील. त्या उशीला टेकून होत्या. सगळं ऐकून घेतलं. डोळे मिटले, उघडले. मग विचारलं, "वर्षाला झोप लागती का?"

 मी विचारलंच नव्हतं.

"जावा, बघून या. पोराला बघायला सगळा गाव जाईल. ती रात्रभर त्याच्या नाकाशी बोट धरून बसत आसंल. तिच्याजवळ बसा घडीभर."

मी गेले. वर्षा खरोखरच झोपत नव्हती.

दोन महिन्यांनी एका सकाळी नसरीनच्या शेजारणीचा फोन आला. दुपारी मी पोचले तेव्हा दफन उरकून माणसं परतत होती. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. नसरीन भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून म्हणाली, "मावशी, अम्मी चहा पिता पिता गेली. मी लगेच खाली घेतलं. गाडी येईपर्यंत मी एकटीच करत होते. बाकी कुणाला येत नव्हतं." मग थोड्या वेळाने, "आणखी काही करायला हवं होतं का हो?"

"नाही गं," मी म्हटलं. "सगळं केलंस."

सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. कुणीतरी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. तिने हात पुढे केला, पेला धरला, पण तो वर नेता येईना. एकटीने दाबून दाबून खांद्यापासून बोटांपर्यंत दोन्ही हात गळून गेले होते. पाणी मांडीवर सांडलं. ती माझ्याकडे बघून कसनुसं हसली.

मी पेला हातात घेतला, तिच्या ओठांना लावला, आणि ती घोट घोट पाणी प्यायली.